दोन मिलिमीटरची भिंत

शेलूबाजारच्या चौकातून मंगरूळपीरच्या रस्त्याला लागलं की जीपगाड्या उभ्या राहतात तिथंच पंजाबराव तायड्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, मधे एक जाड पडदा. त्या पडद्यामागच्या खोलीत, कार्तिक सरता सरता, रत्नमाला बाजेवर पडून होती. बाळंत होऊन तिला तेविसावा दिवस लागला होता. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओव्याची धुरी, कुशीत मूठभर लेक. कानाला रुमाल घट्ट बांधलेला असल्यामुळं बाहेरच्या जीपवाल्यांच्या आरोळ्या, दुकानातली हातोडी, आईचं कोणाशी तरी बोलणं, सगळंच पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येई.

दुपारी ललिताबाई येऊन लेकीला आणि तिला दोघींनाही तेल चोळून, कढत पाण्यानं न्हाऊ घालून गेल्या की रत्नमालाला जी गुंगी येई ती ना झोप असे ना जाग. डोळे मिटले की तिला एक गोल दिसे. भला मोठा, चांदीसारख्या नळीचा. त्यातून काहीतरी फार हलकं, फार वेगात जात असे. एका सेकंदात लाखो फेऱ्या. आणि त्या गोलाच्या एका बाजूला एक पातळ, तांबूस पत्रा उभा असे. त्याच्या अलीकडं वादळ, पलीकडं काहीच नाही.

तो पत्रा तिचा होता. खरोखरचा होता. तिथून कितीतरी कोसांवरच्या एका शहरातल्या प्रयोगशाळेत तो उभा होता आणि तिनं त्याच्यापायी आयुष्याची दोन वर्षं घातली होती.

रत्नमाला चुंबक बनवायची. म्हणजे त्यांचा आराखडा करायची. इलेक्ट्रॉनांना गोल फिरवत ठेवणारं एक मोठं यंत्र त्या प्रयोगशाळेत होतं. फिरताना ते इलेक्ट्रॉन प्रकाश सांडतात आणि तो प्रकाश धरून कोणी औषधांचे रेणू बघतं, कोणी धातूतल्या भेगा, कोणी गव्हाच्या दाण्यात जस्त कुठं साठतं ते. पण फिरता फिरता इलेक्ट्रॉन गळत जातात. म्हणून आधीचे फिरत असतानाच नवे आत सोडावे लागतात, आणि तेही असे की आधीच्यांना धक्का लागू नये. ही नव्यांना आत घेण्याची जागा रत्नमालाच्या वाट्याला आली होती.

आईनं एकदा विचारलं होतं, तेव्हा सातवा महिना होता.

"नेमकं काय करतं वं तू तिथं? लोकं मले पुसते, मी सांगतो सायंटिस्ट आहे. मंग ते पुसते, म्हणजे काय? मंग मी चूप बसतो."

रत्नमाला विचार करत होती तोवर दुकानातून पंजाबरावांनीच आवाज दिला होता, "सोपं आहे. त्या मोठ्या रस्त्यावर गाड्या पळून राह्यल्या. आपली जीप बाजूच्या रस्त्यानं वर चढते. जीपनं वळलं पाह्यजे, पन रस्त्यावरच्या गाड्याईले वळन जानवलं नाई पाह्यजे. बरोबर हाय का रत्ना?"

बरोबर होतं. वळवायचं काम चुंबकाचं. त्या चुंबकाच्या एका कडेला तांब्याचा पातळ पत्रा असतो. प्रयोगशाळेत त्याला सेप्टम म्हणतात, म्हणजे आडभिंत. पत्र्याच्या आत चुंबकाचं जोरदार क्षेत्र, त्यात नवे इलेक्ट्रॉन वळतात. पत्र्याच्या बाहेर शून्य, तिथून जुने इलेक्ट्रॉन बिनघोर निघून जातात. भिंत जितकी पातळ, तितके जुने आणि नवे एकमेकांच्या जवळ येणार, तितकी सांडलवंड कमी. आधीची भिंत तीन मिलिमीटरची होती. रत्नमालानं ती दोनची केली होती. एका मिलिमीटरसाठी दोन वर्षं, असं ती स्वतःच हसून म्हणायची.

ही वेड्यासारखी चिकाटी तिच्यात याच दुकानातून आली होती. लहानपणी पंजाबराव लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळायचे आणि मधेच कोणी गिऱ्हाईक बोलायला लागलं की वेढे विसरायचे. मग चौथीतली रत्ना त्यांच्या शेजारी पाटावर बसून वेढे मोजायला लागली. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. गिऱ्हाईक कितीही बोललं तरी तिचा आकडा चुकत नसे. पुढं ती मंगरूळपीरला शिकली, अमरावतीला इंजिनियर झाली, एका मोठ्या परीक्षेत निवडली गेली, आणि पहिल्या दिवशी त्या गोल यंत्रापाशी उभी राहिली तेव्हा तिच्या मनात आलं ते एवढंच, की अरे, ही तर तारच आहे, लोखंडच आहे. आपण ओळखतो ह्यांना.

आता मात्र ती रजेवर होती. नवरा संघदीप त्याच शहरात एका कॉलेजात शिकवत होता, पंधरा दिवसांनी येऊन जाई. पत्रा चुंबकात बसवून झाला होता, चाचणीच्या टेबलावर चढला होता. रोज पाळण्याची दोरी ओढता ओढता ती मनात हिशेब धरी: सेकंदाला एक ठोका, म्हणजे दिवसाला शहाऐंशी हजार चारशे. काही हजार अँपिअरचा प्रवाह डोळ्याचं पातं लवायच्या आत पत्र्यातून जाऊन संपायचा, आणि तेवढ्या क्षणात पत्र्याच्या नखाएवढ्या जागेवर अडीच किलोचा धक्का बसायचा. दहा लाख ठोके सोसले की पत्रा पास.

चोविसाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडं हरीओम होते.

हरीओम प्रयोगशाळेतले जुने कारागीर. तांब्याला थंड ठेवायला पत्र्याच्या कडेनं पाण्याची बारीक नळी जोडावी लागते, धातू वितळवून तो टाका घालणारा त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता. फेब्रुवारीत ते निवृत्त होणार होते. ते आधी बाळाचं विचारायचे आणि मग कामाचं. आज त्यांनी बाळाचं विचारलं नाही.

"मॅडम, पत्रा फट गया," ते म्हणाले. "चौथे दिन. नळीच्या टाक्यापाशीच चीर गेली. इथं सगळे म्हणताहेत टाका कच्चा होता." मग म्हणाले, "छब्बीस साल में मेरा टांका नहीं खुला, मॅडम. पण आता डोळे पहिल्यासारखे नाहीत. तुम्हीच सांगा, माझा हात चुकला का?"

रत्नमाला कोपरावर उठली. कुशीतली लेक चुळबुळली. "मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही कोणत्याही कागदा-बिगदावर सही करू नका. चाचणीचा आवाज घेतलाय ना तुम्ही? तेवढा पाठवा."

पंचफुलानं, तिच्या आईनं, हातातून फोनच काढून घेतला. "ओल्या बाळंतिणीनं असं डोकं नाई तापवू. दूध आटते."

"आई, एका माणसावर ठपका येऊन राह्यला."

"येऊ दे. तू बाजेवर आहे. तुयावर कायचा ठपका येते?"

रत्नमाला उशीला टेकली. खरंच, तिच्यावर काहीच येत नव्हतं. ती रजेवर होती, कागदावर तिचा आराखडा तपासून झालेला होता, त्यावर तीन जणांच्या सह्या होत्या. गप्प बसलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. टाका कच्चा, काम संपलं. तिला हे कळलं आणि कळताच अंगावर काटा आला, शेगडी पेटती असून.

हरीओमनी पाठवलेला आवाज तिनं संध्याकाळी ऐकला. ठक्. ठक्. ठक्. तिला त्यात वेगळं काही ऐकू येईना. रुमालाखालचे कान आणि अर्धवट झोप. तिनं आईला म्हटलं, बाबांना बोलव.

पंजाबराव हात पुसत आत आले. त्यांच्या डाव्या कानानं कमी ऐकू येई, पण मोटारीचं दुखणं ओळखायला ते कान वापरतच नसत. पेचकसाचं टोक मोटारीला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची. बेअरिंग गेलं की वाइंडिंग, ते हाड सांगायचं. आसपासच्या गावांतून गहू-हरभऱ्याच्या ह्या दिवसांत मोटारी यायच्या त्या ह्याच हाडाच्या भरवशावर.

"कोनाची मोटार हाय?"

"मोटार नाई बाबा. चुंबक आहे. मायं."

"एकच झालं. तार, लोखंड अन् करंट." त्यांनी फोन कानामागं लावला आणि डोळे मिटले. ठक्. ठक्. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. पंचफुला चुलीवरचं उतरवायला गेली आणि परत आली तरी ते तसेच.

"ठोका साजरा आहे," शेवटी ते म्हणाले. "पन ठोक्याच्या मागं झनझन आहे. बारीक. जशी ताटाले बोट लागलं अन् मंग ताट गुनगुनते. तुले येते आयकू?"

तिला अजूनही येत नव्हती.

"ढिलं आहे काईतरी."

"बाबा, बोल्ट मोजून कसलेत. एकेक बोल्ट."

"बोल्टाजोळ कसलं असंन. दोन बोल्टाच्या मंधात?"

ते पडद्याआड गेले आणि एका विहिरीवरच्या मोटारीचं उघडं लोखंडी कडं घेऊन आत आले. बाजेच्या कडेशी, बाळाच्या दुपट्ट्यापासून हातभर अंतरावर त्यांनी ते जमिनीवर ठेवलं. पंचफुला ओरडलीच.

"अवो, बाळंतिणीच्या खोलीत ग्रीसाचं लोखंड! अक्कल हाय का?"

"सव्वा मह्यना झाला नाई म्हनून थे भाईर येत नाई. मंग दुकान आत आलं. त्यात काय बिघडलं?" त्यांनी रत्नमालाचा अंगठा धरला आणि लोखंडाच्या खाचेवर टेकवला. खाचेत तारांचा जुडगा, आणि जुडग्यावर बांबूची चपटी काडी, पाचरीसारखी ठोकलेली. "दाब. टोकापासून टोकापर्यंत दाब. हालते?"

"नाई."

"आता ह्या खाचेत."

दुसऱ्या खाचेत काडी अर्ध्यातच तुटली होती. तिथं अंगठ्याखाली तार कणभर दबली. कणभरच. जळकट काळी झालेली होती ती तार.

"दोन्ही टोकाईले घट्ट होती," पंजाबराव म्हणाले. "मंधात सुटली. सुटली का नाचते, नाचली का वरचं इनॅमल खाते, अन् मंग जळते. लोकं म्हनते तारच खराब होती. तार बिचारी काय करंन?"

रत्नमालानं अंगठा काढला नाही. लहानपणी ह्या काड्या तासून तिनंच कित्येकदा बापाच्या हातात दिल्या होत्या, पण कधी विचारलं नव्हतं. "बाबा, बांबूच काहून? आता तर तयार पट्ट्या मिळते ना बाजारात."

"मिळते. पन बांबू दबते अन् उलटा दाबते. मोटार तापली, लोखंड फुगलं, गार झाली, आखडलं, तरी थो धरून राह्यते. जित्या मानसाच्या मुठीसारखा."

पुढच्या दोन दिवसांत रत्नमाला कोणाशी फारसं बोलली नाही. लेकीला पाजायची, निजवायची, डोळे मिटून पडायची. गुंगीत तो पत्रा तिच्याजवळ यायचा. कधी तो तुरीच्या पानासारखा वाऱ्यात थरथरायचा, कधी लेकीच्या टाळूसारखा, जी बोटाखाली अजून मऊ होती आणि आतून हलकेच उडायची. एकदा तिला दिसलं की ती स्वतःच त्या दोन मिलिमीटरांत आडवी निजली आहे. एका कुशीला वादळ, दुसऱ्या कुशीला इतकी शांतता की कोणीतरी दुरून चालत गेलं तरी कळावं. तिला भीती वाटली नाही. तिनं फक्त पाठ टेकायला आधार शोधला, आणि पाठीशी तो नव्हता. हाताखाली होता, पायाखाली होता, पाठीशी नव्हता.

ती जागी झाली. दुपारचं ऊन पडद्याच्या फटीतून जमिनीवर पट्टी टाकून गेलं होतं. तिनं उशीखालचा लॅपटॉप ओढला.

आराखड्याच्या गणितात एक ओळ होती. पत्र्याची वरची आणि खालची कड पूर्ण लांबीभर घट्ट धरलेली आहे, असं त्या ओळीत गृहीत धरलं होतं. ती ओळ तिनंच लिहिली होती, दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच आठवड्यात. प्रत्यक्षात मात्र पत्रा वीत-वीत अंतरावर बोल्टांनी आवळलेला होता, आणि पत्रा व लोखंड यांच्यामधे विजेला अडवणारा कागदासारखा पातळ थर होता. निर्वात पोकळीत ठेवण्याआधी सगळं भट्टीत तापवावं लागतं. तापून थर आखडला असेल तर? तिनं बोल्टांच्या मधे केसाहून बारीक फट धरली आणि गणित पुन्हा लावलं.

लॅपटॉप जुना होता, उत्तर यायला दोन तास लागले. तेवढ्यात ललिताबाई येऊन गेल्या, लेक दोनदा रडली, आई डिंकाचा लाडू समोर धरून तो संपेपर्यंत उभी राहिली. मग लॅपटॉपच्या पडद्यावर रंग उमटले. ठोका बसल्यावर पत्रा गप्प होत नव्हता, थरथरत राहत होता, आणि सगळा ताण एका जागी गोळा होत होता, तिप्पट. ती जागा चिरेपासून बोटभर अंतरावरही नव्हती. चिरेवरच होती.

टाका पक्का होता. तांबं थकून फाटलं होतं.

तिनं आधी हरीओमना फोन केला. "तुमचा हात चुकला नाही," ती म्हणाली. "माझी ओळ चुकली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "बिटिया कैसी है?"

विभागप्रमुखांना पत्र लिहायला तिला मात्र वेळ लागला. पहिल्यांदा लिहिलं ते फार गोल होतं; 'त्रुटी आढळते', 'शक्यता आहे', असलं. तिनं ते पुसलं आणि साधं लिहिलं: गृहीतक माझं होतं, ते चुकीचं होतं, चीर त्यामुळं गेली, टाक्याचा दोष नाही. आई मागून बघत होती.

"तूच लिहून राह्यली का चूक मायी आहे?"

"हो."

"अन् नोकरीले काई झालं तं?"

"नोकरीले काई होत नाई आई. फार तं काम काढून घेतीन."

पंचफुला लेकीला खांद्यावर घेऊन थोपटत राहिली. "दोन वर्स केलं थे काम?" तिनं विचारलं. रत्नमालानं मान हलवली. मग पंचफुला म्हणाली, "मंग पाठव. असं अर्धं लिहून ठेवलं का तुले झोप नाई लागनार, अन् तुले नाई लागली का हिलेई नाई."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. रागाचं नव्हतं, पण थंड होतं. प्रयोगशाळेच्या समितीचं मत यंत्रात जुना तीन मिलिमीटरचा पत्राच ठेवावा असं होतं. यंत्र जानेवारीच्या शेवटी दुरुस्तीसाठी बंद राहणार होतं. तोपर्यंत दोन मिलिमीटरचा पत्रा दहा लाख ठोके सोसून दाखवेल तर विचार करू.

म्हणजे सहा-सात आठवडे. आणि ती बाजेवर.

पत्रा लांबीभर दाबून धरायला बांबू चालणार नव्हता, हे तिला ठाऊकच होतं. निर्वातात लाकूड वाफ सोडतं आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेत ती वाफ म्हणजे धुकं. मोटारीच्या तारांवर ओततात त्या वॉर्निशचंही तेच. तिनं भिंतीवरचं सरत्या वर्षाचं कॅलेंडर काढून त्याच्या पाठीवर रेघा ओढायला घेतल्या. पाचर चिनीमातीसारख्या पक्क्या भाजणीच्या सिरॅमिकची करता येईल. ते वाफ सोडत नाही, विजेलाही अडवतं. पण सिरॅमिक दबत नाही. दबत नाही ते उलटं दाबणार कसं? चार दिवस ती तिथंच अडली.

पाचव्या दिवशी पंजाबराव आत आले, नातीला बघायला म्हणून. ती त्यांचं बोट धरून होती आणि सोडत नव्हती. ते बोट हळूच मागं घेत, ती मूठ हळूच पुढं येई. "पाह्य बरं," ते म्हणाले, "मी सैल सोडलं तं हे आवळते, मी वढलं तं संगं येते."

रत्नमाला त्या मुठीकडं बघत राहिली. हाड आतलं कठीण, वरचं मांस मऊ. एकाच वस्तूनं दोन्ही कामं कशाला करायची? सिरॅमिकनं धरायचं आणि त्याच्या पाठीशी दुसऱ्या कोणीतरी दाबायचं. तिनं पाचरीमागं पोलादाची एक पातळ, लाटांसारखी वळलेली पट्टी काढली. दाबली की चपटी होणारी, सोडली की पुन्हा उठणारी. पत्रा तापून फुगो की गार होऊन आखडो, लाट त्याच्या मागोमाग जाईल. पूर्ण लांबीभर, टोकापासून टोकापर्यंत.

कॅलेंडरच्या पाठीचा फोटो तिनं हरीओमना पाठवला. त्यांनी तासाभरात फोन केला आणि पहिलंच वाक्य बोलले ते, "हे कोणाचं डोकं, मॅडम?"

"अर्धं माझ्या वडिलांचं," ती म्हणाली.

मग जे दिवस गेले ते तिला पुढं कधी नीट सांगता आले नाहीत. सव्वा महिना सरला, ती अंगणात आली, ऊन अंगावर घेऊन बसायला लागली. लेकीचं नाव विशाखा ठेवलं. त्या दिवशी विहारातली माणसं आली, वंदना झाली, खीर झाली, आणि पाळण्याशेजारी फोनवर हरीओम विचारत होते की लाटेची उंची किती ठेवू. तुरीला शेंगा धरल्या. सिरॅमिकचे पहिले तुकडे कापताना तडकले, दुसरे जमले. हरीओमनी टाका पुन्हा घातला. कोणी सांगितलं नव्हतं तरी भिंगाखाली आणखी एकदा तपासला. रत्नमाला दुपारी लेकीजवळ पडली की तिला तो पत्रा अजून दिसे, पण आता तो तिला पाठ टेकून निजलेला दिसे.

जानेवारीच्या सुरुवातीला नवा आवाज आला. तिनं तो स्वतः आधी ऐकला नाही. सरळ बापाच्या हातात फोन दिला.

पंजाबरावांनी फोन कानामागच्या हाडाला लावला. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, त्यांना त्यांनी हातानंच चूप केलं. ठक्. ठक्. ठक्.

"नुसता ठोका," ते म्हणाले. "मागं काई नाई."

बारा दिवसांनी दहा लाख पुरे झाले. पत्र्यावर ओरखडाही नव्हता. समितीनं फार काही लिहिलं नाही. 'बसवण्यास हरकत नाही' एवढ्याच तीन शब्दांचं पत्र होतं. रत्नमालानं ते आईला वाचून दाखवलं. पंचफुला म्हणाली, "एवढंच? साजरं झालं असं तरी लिहा म्हना."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, एका टळटळीत दुपारी, नव्या पत्र्याच्या कडेनं पहिले इलेक्ट्रॉन आत गेले. हरीओमनी नियंत्रणकक्षातून फोन लावून पडद्यासमोर धरला. मागं लोकांचे आवाज येत होते, कोणीतरी आकडे म्हणत होतं. पडद्यावर एक हिरवी रेघ होती. दर ठोक्याला ती जिन्याची एक पायरी चढल्यासारखी वर जात होती. जुने होते ते सांडत नव्हते आणि नवे त्यांच्यात येऊन मिसळत होते. रत्नमाला दाराच्या उंबऱ्यावर बसून ते बघत होती, विशाखा मांडीवर जागी होती, आणि पंचफुला मागून वाकून बघत होती.

"काय होऊन राह्यलं वं?"

"चढून राह्यलं आई."

"अन् चढून चढून जाते कुठं?"

"कुठंच नाई. गोल फिरते."

पंचफुलानं कोपऱ्यातलं सूप उचललं. "फिरो बापा," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

त्याच महिन्याच्या शेवटी, रत्नमालानं परतायची बॅग अर्धी भरलेली असताना, एक जीप दुकानासमोर थांबली आणि खांद्याला पिशवी लावलेला एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस खाली उतरला. हरीओमच होते. निवृत्त होऊन आठ दिवस झाले होते. नागपूरला मुलीकडं जायला निघालो होतो, वाटेत उतरलो, असं ते म्हणाले. खरं तर शेलूबाजार त्यांच्या वाटेवर नव्हतं.

त्यांनी विशाखाच्या हातात चांदीचा वाळा घातला, पंचफुलानं पुढं केलेलं पाणी प्याले, आणि रत्नमालाशी दोन शब्द बोलून पडद्यापलीकडं दुकानात गेले. पंजाबराव एका मोटारीत तार भरत बसले होते. "जय भीम," ते म्हणाले. "या, बसा." हरीओम पाटावर बसले. थोडा वेळ नुसतंच बघत राहिले. मग त्यांनी न विचारता सुताचा गुंडा उचलला आणि कॉइलच्या टोकांना गाठी मारायला सुरुवात केली. पंजाबरावांनी त्या गाठीकडं एकदा पाहिलं, बोटानं ओढून बघितली आणि पुढची कॉइल त्यांच्याकडं सरकवली.

रत्नमाला आतल्या खोलीत लेकीला घेऊन आडवी झाली होती. पडद्याच्या पलीकडून एकाची वऱ्हाडी आणि दुसऱ्याची हिंदी ऐकू येत होती. बांबू कुठला आणता, भट्टी किती तापवता, तुमच्याकडं पाऊस कसा असतो. मधेच दोघं हसत. ती ऐकत होती. विशाखाचा श्वास तिच्या गळ्याशी लागत होता. बोलणं हळूहळू लांब गेलं, शब्द विरघळले, आणि नुसती त्या दोन आवाजांची ये-जा राहिली. तेवढ्यात तिचाही डोळा लागला.